इम्पोर्टच्या मागे काय घडतं? कम्पाइल केलेला कोड पायथॉनचं मॉड्यूल कसा होतो

पायथॉनमध्ये दहा लाख आकड्यांची बेरीज साध्या फॉर लूपने करून पाहा, आणि मग तीच बेरीज नमपाय या गणिती लायब्ररीच्या ॲरेवर, म्हणजे मेमरीत सलग ठेवलेल्या आकड्यांवर, करा. दुसरी कितीतरी पटींनी लवकर होते. भाषा तीच, संगणक तोच, आकडेही तेच. फरक पडतो, कारण दुसऱ्या वेळी बेरीज पायथॉन करतच नाही. नमपाय ज्या फोल्डरमध्ये बसलं आहे तो उघडून पाहिलात, तर डॉट पीवाय फाइलींच्या गर्दीत काही फाइली वेगळ्या दिसतील: लिनक्सवर शेवटी डॉट एसओ, विंडोजवर डॉट पीवायडी. टेक्स्ट एडिटरमध्ये उघडल्या तर नुसती अगम्य चिन्हं दिसतात. हा सी आणि सी प्लस प्लसमध्ये लिहून आधीच यंत्रभाषेत रूपांतरित केलेला, म्हणजे कम्पाइल केलेला, कोड आहे. त्यातलं फंक्शन आपण पायथॉनमधून नेहमीसारखं हाक मारून वापरतो आणि मधला सांधा कुठे दिसत नाही.

हा सांधा कसा जुळतो ते या लेखात पाहू. विषय अवघड समजला जातो, आणि त्याचा एक भाग खरोखरच अवघड आहे. पण तो भाग बहुतेकांना वाटतो तिथे नाही. एका भाषेतून दुसऱ्या भाषेतलं फंक्शन बोलावणं सोपं आहे. मेमरी कोणाच्या मालकीची, चूक झाली तर ती कोणी कोणाला कशी सांगायची, हे ठरवण्यात खरा कस लागतो.

आधी हा खटाटोप कशासाठी, ते पाहू. वेग हे एक कारण झालंच. मला त्याहून मोठं वाटणारं कारण म्हणजे आधीच लिहून, तपासून, वर्षानुवर्षं वापरून पक्का झालेला कोड. समीकरणं सोडवण्यासाठीची लापॅक ही लायब्ररी १९९२ साली आली आणि ती फोर्ट्रानमध्ये आहे. अंकगणितातले बारीकसारीक धोके तिच्या लेखकांनी इतक्या काळजीने हाताळले आहेत की ते काम पायथॉनमध्ये पुन्हा करण्यात काहीच अर्थ नाही. नमपाय आणि तिच्याच जोडीची शास्त्रीय गणिताची लायब्ररी सायपाय, दोन्ही आजही तिच्यावर उभी आहेत.

दुसरं उदाहरण आपल्या जवळचं आहे. नारायणगावजवळ खोडद इथे जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे, प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेनांची. तिच्या निरीक्षणांवर काम करणारे अनेक खगोलशास्त्रज्ञ कासा हे सॉफ्टवेअर वापरतात. कासाचा गणिती गाभा सी प्लस प्लसमध्ये आहे, पण शास्त्रज्ञ आज्ञा देतात त्या पायथॉनमधून. हा गाभा ज्या जुन्या प्रकल्पातून आला, त्यात वरची आज्ञा द्यायची भाषा ग्लिश नावाची वेगळीच होती. पुढे ती जाऊन पायथॉन आली आणि गाभा शिल्लक राहिला. गणित एका थरात आणि वापर दुसऱ्या थरात ठेवल्याचा हा सरळ फायदा.

आता प्रत्यक्ष यंत्रणेकडे येऊ. आपण नेहमी वापरतो तो पायथॉन, म्हणजे सीपायथॉन, हा स्वतःच सीमध्ये लिहिलेला एक प्रोग्रॅम आहे. ‘इम्पोर्ट मोजणी’ असं लिहिलं की तो ठरलेल्या फोल्डरांमध्ये त्या नावाची फाइल शोधतो. एकाच फोल्डरमध्ये ‘मोजणी’ची डॉट एसओ आणि डॉट पीवाय अशा दोन्ही फाइली असतील, तर तो आधी कम्पाइल केलेली उचलतो. ही गोष्ट माहीत नसेल तर डॉट पीवाय फाइलीत कितीही बदल केले तरी परिणाम का दिसत नाही, हे कळायला बराच वेळ जातो.

फाइल सापडली की पायथॉन ऑपरेटिंग सिस्टिमला सांगतो, ही मेमरीत चढव. मग त्या फाइलीत तो एकच गोष्ट शोधतो: ‘पायइनिट’, अंडरस्कोर आणि पुढे मॉड्यूलचं नाव, अशा नावाचं फंक्शन. मॉड्यूल ‘मोजणी’ असेल तर ‘पायइनिट_मोजणी’. हे फंक्शन सापडलं की तो ते चालवतो आणि त्याच्याकडून मॉड्यूलची माहिती घेतो: यात कोणकोणती फंक्शनं आहेत, पायथॉनमध्ये त्यांची नावं काय, आणि त्यांचा पत्ता कुठे. फाइलीचं नाव बदललं पण आतल्या फंक्शनचं नाव तसंच राहिलं, तर इम्पोर्ट तिथेच अडतो आणि मॉड्यूलमध्ये एक्स्पोर्ट फंक्शन नाही अशी तक्रार येते. सी प्लस प्लस वापरणाऱ्यांना हीच तक्रार आणखी एका कारणाने भेटते. सी प्लस प्लसचा कम्पायलर, म्हणजे कोडचं यंत्रभाषेत रूपांतर करणारा प्रोग्रॅम, फंक्शनांची नावं आतून बदलून ठेवतो, म्हणून या एका फंक्शनला सीच्या पद्धतीनेच नाव ठेव असं त्याला स्पष्ट सांगावं लागतं.

जोडणी एवढीच. पुढचा प्रश्न आकड्यांचा. सीमधला दशांश आकडा, म्हणजे डबल, ८ बाइटचा असतो. नुसता आकडा, बाकी काही नाही. पायथॉनमधला फ्लोट सर्वसाधारण ६४ बिट संगणकावर २४ बाइट घेतो, कारण आकड्यासोबत आणखी दोन गोष्टी असतात: ही वस्तू कोणत्या प्रकारची आहे, आणि तिच्याकडे सध्या किती जण बोट दाखवत आहेत याची मोजणी. पायथॉनमधली प्रत्येक वस्तू अशी असते, मग ती संख्या असो, यादी असो की फंक्शन. म्हणून मूळ सी फंक्शन आणि पायथॉन यांच्यामध्ये एक छोटं फंक्शन लिहावं लागतं. त्यालाच रॅपर म्हणतात. पायथॉनने पाठवलेल्या वस्तू उघडून तो त्यांतून सीचे आकडे काढतो, मूळ फंक्शन चालवतो, आणि आलेलं उत्तर पुन्हा पायथॉनच्या वस्तूत भरून परत देतो. दोन आकडे घेऊन एक आकडा देणाऱ्या फंक्शनसाठी हा रॅपर जेमतेम आठ-दहा ओळींचा होतो.

पण खरीखुरी फंक्शनं इतकी साधी नसतात. लापॅकमधलं डीजीईएसव्ही घ्या. एकघाती समीकरणांचा संच सोडवणारं हे फंक्शन. त्याला आठ गोष्टी द्याव्या लागतात: समीकरणं किती, उजव्या बाजूचे स्तंभ किती, मॅट्रिक्स, मेमरीत तिच्या दोन स्तंभांमधलं अंतर, ओळींची अदलाबदल नोंदवायला एक रिकामी जागा, उजवी बाजू, तिच्याही स्तंभांमधलं अंतर, आणि शेवटी काम कसं झालं हे लिहायला एक पूर्णांक. नमपायमध्ये हेच काम करणाऱ्या ‘सॉल्व्ह’ला आपण फक्त दोन गोष्टी देतो, मॅट्रिक्स आणि उजवी बाजू. उरलेल्या सहांचं काय करायचं, ते रॅपर ठरवतो. मॅट्रिक्सचा आकार त्याला ॲरेकडूनच कळतो, आणि रिकामी जागा तो स्वतः मागून घेतो.

यात एक मोठी गोम आहे. डीजीईएसव्ही दिलेल्या मॅट्रिक्सवरच लिहितं. काम संपतं तेव्हा तुमची मूळ मॅट्रिक्स उरलेली नसते, तिच्या जागी तिचे गुणक येऊन बसतात. उजव्या बाजूच्या जागी उत्तर येतं. फोर्ट्रानच्या जगात ही रीत आहे, कारण त्या काळी मेमरी महाग होती. पायथॉन वापरणाऱ्याला मात्र ‘सॉल्व्ह’ केल्यावर आपली मॅट्रिक्स बदलली तर ती सरळसरळ फसवणूक वाटेल. म्हणून नमपायचा रॅपर आधी प्रत काढतो आणि ती प्रत फोर्ट्रानच्या हवाली करतो. सायपायमध्ये मूळ मॅट्रिक्सवर लिहायची परवानगी देणारा वेगळा पर्याय आहे. ज्याला मेमरी वाचवायची आहे त्याने ती जाणूनबुजून द्यावी. मला ही रचना फार योग्य वाटते. धोका हवा असेल तर तो मागून घ्यावा लागतो, न मागता पदरात पडत नाही.

चुकांचंही असंच. मॅट्रिक्स अशी निघाली की समीकरणांना एकमेव उत्तरच नाही, तर डीजीईएसव्ही ओरडत नाही. तो शेवटचा पूर्णांक शून्याऐवजी धन करून ठेवतं आणि गप्प परत येतं. वाचणाऱ्याने तो आकडा वाचायचा. रॅपर लिहिणाऱ्याने तो वाचला नाही, तर वापरणाऱ्याच्या हातात निरर्थक आकडे पडतील आणि तो ते खरे मानून पुढे जाईल. माझ्या मते ही क्रॅशपेक्षा वाईट गोष्ट आहे. म्हणून नमपाय तो आकडा तपासतं आणि मॅट्रिक्स सिंग्युलर आहे, म्हणजे एकमेव उत्तर नाही, असं सांगणारं एक्सेप्शन, म्हणजे चूक कळवून काम थांबवणारा इशारा, उभं करतं.

एक्सेप्शन उभं करायचीही एक शिस्त आहे. सीमध्ये एक्सेप्शन नावाचा प्रकारच नाही. त्यामुळे करार असा: काही बिघडलं तर आधी काय चुकलं याची पायथॉनकडे नोंद करायची आणि मग नल, म्हणजे रिकामा पॉइंटर (पॉइंटर म्हणजे मेमरीतला पत्ता), परत द्यायचा. नोंद न करता नल दिला, तर पायथॉन सिस्टिम एरर देतो की फंक्शनने चूक न सांगताच नल दिला. सी प्लस प्लसमध्ये एक्सेप्शन असतं, पण ते रॅपरच्या बाहेर निसटू देता येत नाही. सीमेच्या आतच पकडून त्याचं पायथॉनच्या एक्सेप्शनमध्ये रूपांतर करावं लागतं.

आता त्या मोजणीकडे येऊ, जी प्रत्येक वस्तूसोबत असते. अवघड भाग हाच. एखाद्या वस्तूकडे कोणी नवीन बोट दाखवलं की मोजणी एकने वाढते, बोट काढलं की कमी होते, शून्य झाली की वस्तूची मेमरी मोकळी होते. पायथॉनमध्ये लिहिताना हे आपोआप होतं. सीमध्ये लिहिताना ती जबाबदारी आपली. वाढवायला विसरलात तर वस्तू अकाली नाहीशी होते, कमी करायला विसरलात तर ती कधीच जात नाही आणि प्रोग्रॅमची मेमरी फुगत राहते.

त्यातही पायथॉनची सी फंक्शनं सगळी सारखी वागत नाहीत. काही फंक्शनं तुम्हाला वस्तूची मालकी देतात, तिथे काम झाल्यावर मोजणी कमी करायची. काही फक्त उसनी देतात. यादीतला घटक काढून देणारं ‘पायलिस्ट_गेटआयटम’ उसना घटक देतं. उलट यादीत घटक ठेवणारं ‘पायलिस्ट_सेटआयटम’ तुमच्याकडची मालकी स्वतःकडे घेतं, पण यादीच्या शेवटी घटक जोडणारं ‘पायलिस्ट_अपेंड’ घेत नाही. हे पाठच करावं लागतं, किंवा दर वेळी दस्तऐवज उघडून पाहावं लागतं. मी दस्तऐवज उघडून पाहण्याचाच मार्ग सुचवेन.

उसन्या वस्तूचा धोका किती लपलेला असतो, याचं एक उदाहरण पायथॉनच्या अधिकृत दस्तऐवजातच दिलेलं आहे. यादीतला शून्याव्या जागेचा घटक उसना घेतला. मग पहिल्या जागेवर नवीन आकडा ठेवला. मग शून्याव्या घटकाची छपाई केली. वरवर पाहता यात काहीच चूक नाही, शून्याव्या घटकाला आपण हातही लावलेला नाही. पण पहिल्या जागेवर आधी जी वस्तू होती, तिची मोजणी नवीन आकडा ठेवताना कमी झाली. ती शून्य झाली, तर ती वस्तू नष्ट होताना तिचं स्वतःचं ‘डेल’ फंक्शन चालतं. ते फंक्शन पायथॉनमध्ये कोणीही, काहीही करणारं लिहिलेलं असू शकतं. समजा त्यात यादीतला शून्यावा घटक काढून टाकण्याची ओळ आहे. मग आपल्या हातातला पॉइंटर मोकळ्या झालेल्या जागेकडे बोट दाखवत राहतो आणि छपाईच्या ओळीवर काय होईल ते सांगता येत नाही. उपाय एका ओळीचा: घटक घेतल्याबरोबर मोजणी एकने वाढवायची, काम झालं की कमी करायची. पायथॉन ३.१३ मध्ये ‘पायलिस्ट_गेटआयटमरेफ’ हे नवीन फंक्शन आलं, ते घटक देतानाच मालकी देतं. नवीन कोड लिहिणाऱ्याने तेच वापरावं.

अशी चूक झाली की पायथॉनचा नेहमीचा, ओळ क्रमांकासकट येणारा ट्रेसबॅक येत नाही. सेगमेंटेशन फॉल्ट एवढे दोन शब्द येतात आणि प्रोग्रॅम संपतो. अशा वेळी पायथॉनसोबतच येणारं फॉल्टहँडलर हे मॉड्यूल चालू करून ठेवावं. मरता मरता प्रोग्रॅम निदान कोणत्या पायथॉन ओळीवर होता, ते त्यातून कळतं.

वेगाचा मुद्दा पुन्हा घेऊ, कारण इथे बऱ्याच जणांचा भ्रमनिरास होतो. सीमध्ये लिहिलं म्हणजे वेग आलाच, असं नाही. सीमा ओलांडायला दर वेळी खर्च येतो: वस्तू उघडा, आकडे काढा, उत्तर पुन्हा बांधा. दळण गिरणीत नेताना डबा भरून नेतात, दाणा दाणा नेत नाहीत, तसंच इथे. छोटं सी फंक्शन पायथॉनच्या लूपमधून दहा लाख वेळा बोलावण्यापेक्षा पूर्ण ॲरे एकदा आत पाठवून लूप सीमध्ये फिरवावा.

आणि पाठवताना यादी नव्हे, ॲरे पाठवावा. दहा लाख फ्लोटची पायथॉन यादी म्हणजे दहा लाख सुट्या वस्तू आणि त्यांच्याकडे बोट दाखवणारे दहा लाख पॉइंटर, सगळं मिळून सुमारे ३२ मेगाबाइट. नमपायच्या ॲरेत तेच आकडे सलग ८ मेगाबाइटमध्ये बसतात. शिवाय पायथॉनमध्ये बफर प्रोटोकॉल नावाची सोय आहे. तिच्यामुळे ॲरे आपली मेमरी कुठे सुरू होते, तिचा आकार काय, प्रत्येक घटक किती बाइटचा, हे रॅपरला सांगतो आणि सी कोड थेट त्याच जागेवर काम करतो. प्रत काढावीच लागत नाही.

फोर्ट्रानशी जोडताना मात्र सावध राहावं. सी आणि नमपाय मॅट्रिक्स ओळीने साठवतात, फोर्ट्रान स्तंभाने. एफटूपाय हे साधन, जे नमपायसोबतच येतं, गरज पडली तर निमूटपणे प्रत काढून मांडणी बदलून देतं. उत्तर बरोबर येतं, पण मोठ्या मॅट्रिक्सवर मेमरी अचानक दुप्पट का झाली हे कळत नाही. ॲरे मुळातच फोर्ट्रानच्या मांडणीत तयार केला की हा प्रश्न मिटतो.

साधनांचा उल्लेख आला, तर त्यांच्याबद्दल थोडं. रॅपर हाताने लिहायची आज फारशी गरज उरलेली नाही. १९९० च्या दशकात डेव्हिड बीझली यांनी अमेरिकेतल्या लॉस अलामोसमध्ये काम करताना स्विग तयार केलं. त्याला हेडर फाइल दिली की ते रॅपरचा कोड लिहून देतं, पायथॉनसाठी आणि इतर अनेक भाषांसाठीही. सायथॉनमध्ये पायथॉनसारखी भाषा लिहायची आणि तिचं सी करून घ्यायचं. सी प्लस प्लससाठी पायबाइंड११, रस्टसाठी पायओथ्री. सी प्लस प्लसचा कोड हाताशी असेल तर मी पायबाइंड११ ला पहिली पसंती देईन. त्यात लिहिलेला रॅपर वर्षभराने उघडला तरी वाचता येतो.

रॅपर कम्पाइल न करताच जोडायचं असेल तर सीटाइप्स पायथॉनसोबत मिळतं. छोट्या कामाला ते उत्तम, पण त्याचा एक स्वभाव माहीत हवा. फंक्शन काय परत देतं हे सांगितलं नाही, तर ते पूर्णांकच परत येतो असं धरतं. दशांश आकडा देणाऱ्या फंक्शनचं उत्तर मग काहीच्या बाही दिसतं. पॉइंटर परत देणाऱ्या फंक्शनमध्ये तर ६४ बिटचा पत्ता अर्धा कापला जातो आणि प्रोग्रॅम कोसळतो, कधी लगेच, कधी बऱ्याच वेळाने.

साधन कोणतंही घ्या, मालकीचा प्रश्न ते तुमच्या वतीने सोडवू शकत नाही. पायबाइंड११ मध्ये एखाद्या फंक्शनने साधा पॉइंटर परत दिला, तर वेगळं काही सांगितलं नसल्यास ती वस्तू आता पायथॉनची झाली असं ते धरतं आणि काम संपल्यावर ती मोडून टाकतं. तो पॉइंटर लायब्ररीच्या स्वतःच्या आतल्या वस्तूचा असेल तर? मग लायब्ररी पुढच्या वेळी मोडलेल्या वस्तूकडे जाते. हे कम्पायलरला दिसत नाही. मूळ लायब्ररीचा दस्तऐवज वाचलेल्या माणसालाच ते माहीत असतं.

जीआयएल, म्हणजे एका वेळी एकाच थ्रेडला (थ्रेड म्हणजे प्रोग्रॅममध्ये एकाच वेळी चालणाऱ्या कामांपैकी एक) पायथॉनच्या वस्तूंना हात लावू देणारं कुलूप, याबद्दल थोडक्यात. सी फंक्शन बराच वेळ चालणार असेल, तर त्याने सुरुवातीला हे कुलूप सोडावं आणि शेवटी परत घ्यावं, म्हणजे तोवर बाकीचे थ्रेड चालू राहतात. अट एकच: मधल्या काळात पायथॉनच्या कोणत्याही वस्तूला हात लावायचा नाही, मोजणीसुद्धा बदलायची नाही. २०२४ साली पायथॉन ३.१३ सोबत हे कुलूपच नसलेली प्रायोगिक आवृत्ती आली. तिच्यात एखाद्या मॉड्यूलने आपण कुलुपाशिवाय चालायला तयार आहोत असं जाहीर केलेलं नसेल, तर ते इम्पोर्ट होताच पायथॉन इशारा देऊन कुलूप पुन्हा लावतो.

मॉड्यूल आपल्या संगणकावर चाललं तरी ते दुसऱ्याकडे चालेलच असं नाही. कम्पाइल केलेल्या फाइलीच्या नावातच पायथॉनची आवृत्ती, प्रोसेसर आणि ऑपरेटिंग सिस्टिम लिहिलेली असते, आणि ३.१२ साठी बनवलेली फाइल ३.१३ उचलत नाही. प्रत्येक आवृत्तीसाठी वेगळी फाइल बनवायची नसेल, तर पायथॉनच्या सी फंक्शनांपैकी स्थिर राहण्याची हमी दिलेला ठराविक भागच वापरायचा. मग एकच फाइल पुढच्या आवृत्त्यांवरही चालते. लिनक्सवर आणखी एक अडचण असते, ती सिस्टिमच्या सी लायब्ररीची. नव्या सिस्टिमवर कम्पाइल केलेली फाइल जुन्या सिस्टिमवर चालत नाही, पण जुनीवर केलेली नवीवर चालते. म्हणून मेनीलिनक्स ही पद्धत ठरली: मुद्दाम जुन्या लिनक्सवर कम्पाइल करायचं आणि लागणाऱ्या इतर लायब्ररी सोबत बांधायच्या. २०१६ साली तिची पहिली आवृत्ती सेंटओएस ५ वर बेतली होती. आज पायथॉनची पॅकेजं बसवणाऱ्या पिपने इन्स्टॉल केलं की नमपाय काही सेकंदांत बसतं आणि कम्पायलरची गरजही पडत नाही, ते यामुळे.

आपलं पहिलं मॉड्यूल बनलं की ते तपासताना बरोबर उत्तर येतं का, एवढ्यावर थांबू नका. आकड्याच्या जागी अक्षरं द्या, रिकामा ॲरे द्या, मधूनच कापलेला, सलग नसलेला ॲरे द्या, आणि दर वेळी बरोबर उत्तर किंवा नीट एक्सेप्शन येतं का पाहा. मग तेच फंक्शन लूपमध्ये लाखो वेळा चालवा आणि शेजारच्या खिडकीत मेमरीचा आकडा वाढतो का ते बघा. चूक येणाऱ्या वाटेवरही हाच लूप फिरवा, कारण मोजणी कमी करायचं विसरणं बहुतेक वेळा तिथेच होतं: मध्येच नल परत देताना, आधी घेतलेल्या वस्तू तशाच राहून जातात.